विश्लेषण : पाठ टाचणातल्या सहा पातळ्या आल्या कुठून? बेंजामिन ब्लूम यांना नेमके काय साधायचे होते?

बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठ टाचणात ‘उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे’ असा एक रकाना असतो. विद्यार्थी व्याख्या सांगतो, फरक स्पष्ट करतो, उदाहरणे देतो, अशी वाक्ये त्यात लिहिली जातात. घटक चाचणीच्या संविधान तक्त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य यांना गुणांचा वाटा ठरवून दिलेला असतो. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रश्नपत्रिकेत गुणांशेजारी प्रश्नाची पातळीही छापलेली असते. या सगळ्यांचे मूळ १९५६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात आणि बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाच्या कामात आहे. रकाने भरणाऱ्या बहुतेकांना ब्लूम यांचे नाव ठाऊक असते. पण ते पूर्ण वेळ परीक्षक होते आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी मागे पडणाऱ्या मुलांच्या प्रश्नावर खर्ची घातली, हे फारसे सांगितले जात नाही.

कोण होते बेंजामिन ब्लूम?

बेंजामिन ब्लूम यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९१३ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॅन्सफर्ड या कोळसा खाणींच्या छोट्या गावात झाला. त्यांचे कुटुंब रशियातून स्थलांतरित झालेले ज्यू कुटुंब होते. लहानपणापासून त्यांना वाचनाचे विलक्षण वेड होते. सकाळी नेलेली पुस्तके ते त्याच दिवशी परत करायला जात, तेव्हा ती खरेच वाचून झाली आहेत हे आधी ग्रंथपालबाईंना पटवून द्यावे लागे, असा किस्सा त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो. महाविद्यालयात ते हँडबॉलचे उत्तम खेळाडू होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून १९३५ मध्ये त्यांनी पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

त्या काळात राल्फ टायलर हे नाव अमेरिकेतील शिक्षण वर्तुळात गाजत होते. काय शिकवायचे हे आधी ठरवा, मग ते मुलांना आले की नाही हे कसे तपासायचे ते ठरवा, हा टायलर यांच्या मांडणीचा गाभा होता. ब्लूम यांना त्यांच्याच हाताखाली शिकायचे होते. टायलर शिकागो विद्यापीठात आले आणि त्यांच्यामागोमाग ब्लूमही तिथे पोहोचले. १९४२ मध्ये त्यांनी तिथून पीएच.डी. मिळवली आणि पुढची कित्येक दशके शिकागो हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

शिकागोतील परीक्षा वेगळ्या कशा होत्या?

शिकागो विद्यापीठाच्या पदवी महाविद्यालयात त्या वेळी एक आगळी पद्धत होती. विद्यार्थ्याचा निकाल वर्गातील हजेरी किंवा शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या मर्जीवर नव्हे, तर सर्वंकष परीक्षेवर ठरत असे. ही परीक्षा घेण्याचे काम परीक्षक मंडळाचे स्वतंत्र कार्यालय पाहत असे. ब्लूम १९४० मध्ये या मंडळात दाखल झाले, १९४३ मध्ये विद्यापीठाचे परीक्षक झाले आणि १९५९ पर्यंत त्या पदावर राहिले.

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असला की एक अडचण लगेच समोर येते. विद्यार्थ्यांना विषय समजला पाहिजे, असे प्राध्यापक सांगतो. पण समजणे म्हणजे काय? सूत्र पाठ असणे, ते स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, की कधीही न पाहिलेल्या गणितात ते वापरता येणे? दोघांच्या मनात ‘समजणे’ या शब्दाचा अर्थ वेगळा असेल, तर पेपर कितीही काळजीपूर्वक काढला तरी त्याचा फटका विद्यार्थ्यालाच बसणार. ही अडचण इतर विद्यापीठांच्या परीक्षकांनाही येत होती. शिवाय प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी तेच ते प्रश्न नव्याने तयार करत होता.

वर्गीकरण कसे तयार झाले?

१९४८ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अधिवेशन भरले होते. तिथे जमलेल्या महाविद्यालयीन परीक्षकांच्या अनौपचारिक बैठकीत एक कल्पना पुढे आली. शिक्षणाच्या उद्दिष्टांची सगळ्यांना मान्य होईल अशी वर्गवारी केली, तर एकमेकांशी नेमकेपणाने बोलता येईल आणि प्रश्नांची देवाणघेवाणही करता येईल. जीवशास्त्रात प्राणी आणि वनस्पतींची वर्गवारी असते, तशीच ही वर्गवारी. म्हणून तिला जीवशास्त्रातलेच ‘टॅक्सॉनॉमी’ हे नाव मिळाले.

पुढची काही वर्षे हा गट भेटत राहिला, मसुदे फिरत राहिले. १९५६ मध्ये बोधात्मक क्षेत्राचा, म्हणजे विचार आणि ज्ञानाशी संबंधित उद्दिष्टांचा, पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यावर ब्लूम यांच्यासह मॅक्स एंगलहार्ट, एडवर्ड फर्स्ट, वॉकर हिल आणि डेव्हिड क्रॅथवोल यांची नावे होती. त्यात ब्लूम यांचे नाव पहिले असल्याने पाच जणांचे काम ‘ब्लूमचे वर्गीकरण’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. आवड, वृत्ती, मूल्ये यांच्याशी संबंधित भावात्मक क्षेत्राचा दुसरा खंड १९६४ मध्ये आला. हाताच्या कौशल्यांशी संबंधित क्रियात्मक क्षेत्राचा खंड मात्र या गटाने काढला नाही. ते काम पुढे इतरांनी केले.

सहा पातळ्या कोणत्या?

पहिल्या खंडात विचारप्रक्रियेच्या सहा पातळ्या सांगितल्या आहेत : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन. भूगोलाच्या तासाला पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवायचा आहे असे समजू. तिथे या पातळ्या अशा दिसतील.

ज्ञान : पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, ते विद्यार्थी सांगतो.

आकलन : वारे डोंगर ओलांडून खाली उतरताना पाऊस का कमी होतो, हे तो आकृती काढून स्वतःच्या शब्दांत समजावतो.

उपयोजन : कधीही न पाहिलेला नकाशा, त्यातली डोंगररांग आणि वाऱ्याची दिशा दिली, तर जास्त पाऊस कोणत्या बाजूला पडेल हे तो ओळखतो.

विश्लेषण : महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई येथील पावसाचे आकडे पाहून फरकामागे उंची, वाऱ्याची दिशा आणि डोंगरमाथ्यापासूनचे अंतर यांचा वाटा काय, हे तो वेगवेगळे करून मांडतो.

संश्लेषण : पर्जन्यछायेतील एखाद्या गावासाठी पाणी साठवण आणि पिकांची योजना तो स्वतः तयार करतो.

मूल्यमापन : अशा दोन योजनांपैकी कोणती बरी, हे तो निकष ठरवून सांगतो आणि आपल्या निवडीचे कारण देतो.

पाठाचे नियोजन करताना याचा उपयोग काय?

एकाच तासात सहाही पातळ्या गाठायच्या, असा याचा अर्थ नाही. तास संपताना मुले कुठपर्यंत पोहोचली पाहिजेत, हे शिक्षकाने आधी ठरवायचे. मग त्या पातळीला साजेशी कृती निवडायची आणि शेवटी त्याच पातळीचा प्रश्न विचारायचा. उद्दिष्ट, कृती आणि प्रश्न या तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या की पाठ जमला.

या तिघांचा मेळ बसला नाही की काय होते, हे कोणत्याही वर्गात दिसू शकते. तासभर फळ्यावरच्या व्याख्या उतरवून घ्यायला लावल्या आणि चाचणीत न पाहिलेला नकाशा दिला, तर तो मुलांवर अन्याय आहे. उलट दोन दिवस गटात नकाशांवर काम करून घेतले आणि चाचणीत फक्त व्याख्या विचारली, तर दोन दिवसांच्या मेहनतीला किंमत नाही, असा संदेश मुलांपर्यंत जातो. पुढच्या वेळी ती नकाशाकडे बघणारही नाहीत, सरळ व्याख्या पाठ करतील.

मूळ पुस्तकातला एक इशारा यापेक्षाही महत्त्वाचा आहे. प्रश्न कोणत्या पातळीचा, हे केवळ त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. मुलांनी आधी काय केले आहे, त्यावर ते ठरते. महाबळेश्वर आणि वाईच्या पावसातील फरकाची कारणे वहीत आधीच उतरवून दिली असतील किंवा गाइडमध्ये छापलेली असतील, तर ‘विश्लेषण करा’ असे लिहिलेला प्रश्नही पाठांतराचाच ठरतो. क्रियापद बदलले म्हणून विचार बदलत नाही. पाठ टाचणातील रकाने क्रियापदांच्या याद्या पाहून भरले जातात, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

भारताशी संबंध कसा आला?

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात परीक्षा पद्धतीवर कठोर टीका केली होती. वर्षाच्या शेवटी होणारी एक लेखी परीक्षा सगळ्या शिक्षणावर स्वार झाली आहे आणि ती पाठांतरालाच खतपाणी घालते, असा त्या टीकेचा रोख होता. त्यानंतर माध्यमिक शिक्षणाची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली. याच सुमारास, १९५७ मध्ये ब्लूम भारतात आले. पुस्तक प्रसिद्ध होऊन जेमतेम वर्ष झाले होते. शिक्षक आणि परीक्षा मंडळांशी संबंधित लोकांसाठी त्यांनी मूल्यमापनावर कार्यशाळा घेतल्या.

१९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला. काही भारतीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षणासाठी शिकागोला पाठवण्यात आले. १९६१ मध्ये एनसीईआरटीची स्थापना झाल्यावर परीक्षा सुधारणेचे काम तिच्याकडे आले. उद्दिष्टे ठरवा, त्यानुसार प्रश्नांचा आराखडा करा आणि मगच पेपर काढा, ही शिस्त याच वाटेने राज्यांच्या मंडळांपर्यंत आणि शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयांपर्यंत झिरपली. आज शिक्षकांच्या हाती असलेला संविधान तक्ता हे त्याच शिस्तीचे रूप. शिकागोत ब्लूम यांच्या मार्गदर्शनाखाली शिकलेले भारतीय शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांनी पुढे क्रियात्मक क्षेत्राची स्वतंत्र वर्गवारी मांडली. अनुकरणापासून सहजतेपर्यंतच्या पाच टप्प्यांची ही मांडणी आजही जगभरच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमांत शिकवली जाते. ज्या खंडापर्यंत शिकागोचा गट पोहोचला नाही, त्यात एका भारतीयाने अशी भर घातली.

वर्गीकरणानंतर ब्लूम कुठे वळले?

यशस्वी पुस्तकावरच आयुष्यभर व्याख्याने देत राहणे ब्लूम यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. माणसांमधील फरक किती जन्मजात आणि किती परिस्थितीने घडलेले, या प्रश्नाकडे ते वळले. १९६४ मधील पुस्तकात त्यांनी अनेक दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून मांडली आणि बालपणीची पहिली काही वर्षे पुढच्या वाढीसाठी निर्णायक असतात, असा निष्कर्ष काढला. गरीब कुटुंबांतील लहान मुलांसाठी १९६५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या सरकारी योजनेमागे जे संशोधन होते, त्यात या कामाचा समावेश होतो. त्याच काळात ते अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचे अध्यक्षही होते. वेगवेगळ्या देशांतील मुलांच्या शैक्षणिक संपादनाची तुलना करणारी आयईए ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी करणाऱ्यांतही त्यांचा सहभाग होता.

१९६८ मध्ये त्यांनी ‘प्रभुत्व अध्ययन’ म्हणजे मास्टरी लर्निंगची मांडणी केली. जॉन कॅरॉल यांनी १९६३ मध्ये एक साधा पण खोल मुद्दा मांडला होता. अभियोग्यता म्हणजे एखादी गोष्ट शिकायला लागणारा वेळ. काहींना कमी वेळ लागतो, काहींना जास्त. शाळा मात्र सगळ्यांना सारखाच वेळ देते आणि मग निकालात दिसणाऱ्या फरकाला हुशारी म्हणते. ब्लूम यांनी हे गणित उलटे करायचे ठरवले. पातळी सगळ्यांसाठी एक ठेवायची आणि वेळ व मदत बदलायची.

त्याची कृती अशी. अभ्यासक्रमाचे एक-दोन आठवड्यांचे छोटे घटक करायचे. घटक शिकवून झाला की छोटी चाचणी घ्यायची. तिचे गुण निकालात धरायचे नाहीत, फक्त कुठे अडले ते पाहायचे. ज्यांना अडले त्यांना वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवायचे, ज्यांना जमले त्यांना अधिक खोलात जाणारे काम द्यायचे. मग पहिल्यासारखीच दुसरी चाचणी घ्यायची आणि पुढे जायचे. अशी मदत मिळाली, तर नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी शाळेत शिकवले जाणारे आत्मसात करू शकतील, असा ब्लूम यांचा दावा होता. आज सर्रास वापरला जाणारा ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ मूल्यमापनातील भेद शाळांपर्यंत पोहोचवण्यात त्यांनी सहकाऱ्यांसह १९७१ मध्ये काढलेल्या जाडजूड हस्तपुस्तिकेचा मोठा हात होता.

‘दोन सिग्मा’चे कोडे काय?

१९८४ मध्ये ब्लूम यांनी आपल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवर आधारलेला एक लेख लिहिला. मुलांचे तीन गट करण्यात आले होते. पहिल्या गटाला सुमारे तीस जणांच्या वर्गात नेहमीप्रमाणे शिकवले. दुसऱ्या गटाला तेवढ्याच मोठ्या वर्गात, पण प्रभुत्व अध्ययनाच्या पद्धतीने शिकवले. तिसऱ्या गटात एक ते तीन मुलांमागे एक शिक्षक होता आणि तिथेही अडलेले दुरुस्त करून पुढे जाण्याची पद्धत होती.

तिसऱ्या गटातील सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी पुढे होता. संख्याशास्त्रात प्रमाण विचलनाचे चिन्ह ‘सिग्मा’ म्हणून हे नाव. सोप्या शब्दांत, वैयक्तिक मदत मिळालेला मधला मुलगा नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. प्रभुत्व अध्ययनाच्या गटातील सरासरी विद्यार्थी सुमारे एक सिग्मा, म्हणजे ८४ टक्क्यांच्या पुढे होता. प्रत्येक मुलामागे एक शिक्षक कोणत्याही समाजाला परवडणार नाही. मग एवढाच परिणाम देणारी सामूहिक पद्धत कोणती, हे कोडे ब्लूम यांनी संशोधकांपुढे ठेवले. नंतरच्या अभ्यासांत वैयक्तिक शिकवणीचा परिणाम एवढा मोठा आढळला नाही, बहुतेकदा तो एक सिग्माहून कमीच निघाला. तरीही संगणकीय शिकवणीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ॲपपर्यंत अनेकांनी याच लेखाचा दाखला दिला आहे.

पुढच्याच वर्षी आलेल्या पुस्तकात त्यांच्या गटाने पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ आणि मेंदू संशोधक अशा सहा क्षेत्रांतील १२० यशस्वी व्यक्तींचा अभ्यास मांडला. त्यांपैकी बहुतेक जण लहानपणी असामान्य म्हणून ओळखले गेलेले नव्हते. घरचा पाठिंबा, टप्प्याटप्प्याने बदलत गेलेले योग्य शिक्षक आणि वर्षानुवर्षांची मेहनत हे समान धागे होते.

आक्षेप कोणते?

वर्गीकरणावर टीकाही भरपूर झाली. माणूस विचार करतो तेव्हा एक पायरी पूर्ण करून दुसरीवर जात नाही. कधी मूल्यमापन करतानाच आकलनातील चूक लक्षात येते. वरच्या पातळ्यांचा क्रम संशोधनात नेहमीच टिकला नाही. ‘ज्ञान’ सगळ्यात खाली ठेवल्याने माहितीला कमी लेखले जाते, असाही आक्षेप घेतला गेला. पर्जन्यछाया म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर गावाची योजना हवेतच राहील. मास्टरी लर्निंगच्या नावाने शिकागोच्या सार्वजनिक शाळांत राबवलेला वाचनाचा कार्यक्रमही वर्कशीट आणि चाचण्यांच्या ओझ्याखाली दबला आणि १९८५ मध्ये गुंडाळावा लागला.

डेव्हिड क्रॅथवोल आणि ब्लूम यांचे विद्यार्थी लॉरिन अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली २००१ मध्ये सुधारित वर्गीकरण आले. त्यात नामांच्या जागी क्रिया आल्या : स्मरणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे आणि निर्मिती करणे. संश्लेषणाच्या जागी आलेली निर्मिती सर्वात वर गेली. ज्ञानाचे तथ्ये, संकल्पना, कार्यपद्धती आणि स्वतःच्या विचाराची जाण असे चार प्रकार वेगळ्या अक्षावर मांडले गेले. सर्वत्र दिसणारा रंगीत पिरॅमिड मात्र १९५६ च्या पुस्तकात नाही. तो नंतर इतरांनी काढला.

आज हे महत्त्वाचे का?

ब्लूम यांचे १३ सप्टेंबर १९९९ रोजी शिकागो येथे निधन झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. आपल्या पुस्तकाचा दाखला सगळेच देतात पण ते वाचतात थोडे, याची त्यांना जाणीव होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठांतराऐवजी उच्चस्तरीय विचारकौशल्ये तपासण्यावर भर दिल्यानंतर या पातळ्या पुन्हा चर्चेत आल्या आहेत. प्रशिक्षणांत पिरॅमिड दाखवला जातो, प्रश्नांसमोर पातळी लिहिली जाते.

धोका असा की पायऱ्यांचे हे चित्र मुलांनाच चिकटते. हुशार तुकडीला विश्लेषणाचे प्रश्न आणि मागच्या बाकांना फक्त व्याख्या, अशी वाटणी सोयीची असते. ब्लूम यांची वर्गवारी उद्दिष्टांची होती, मुलांची नव्हे. पुढच्या तीस वर्षांचे त्यांचे काम तर या वाटणीच्या थेट विरोधात होते. मागे पडलेल्या मुलासाठी पातळी खाली आणायची नाही, त्याला तिथे पोहोचायला वेळ आणि वेगळी मदत द्यायची, हा त्या कामाचा सारांश.

पाठ टाचणात उद्दिष्टांचा रकाना आहे. पहिल्या चाचणीत ज्यांना जमले नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी काय करणार, याचा रकाना बहुतेक टाचणांत नसतो. ब्लूम यांच्या कामाचा निम्मा भाग आपण घेतला, असे म्हणता येईल. उरलेला निम्मा घ्यायचा तर साठ मुलांच्या वर्गात त्यासाठी तास कुठून काढायचे, याचे उत्तर मात्र एकट्या शिक्षकाकडे मागून चालणार नाही. ते वेळापत्रक आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनाही द्यावे लागेल.